तीन मरणांचा धनी

माणूस बिचारा एकदाच मरतो, आणि त्याबाबत त्याचे नातेवाईक, सावकार आणि विमा कंपनी यांच्यात सहसा मतभेद होत नाहीत. संगणकाचं तसं नाही. तो तीनदा मरतो. पहिलं मरण हिशेबाच्या वहीत, दुसरं कंपनीच्या पत्रकात आणि तिसरं, म्हणजे खरंखुरं, टेबलावर. गंमत अशी, की पहिली दोन मरणं आपल्याला येऊन गेली याचा त्या बापड्याला पत्ताच नसतो. सकाळी बटण दाबलं की तो आपला घरघर करीत कामाला लागतो!

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेतला कारकून. तेव्हा पहिल्या मरणाबद्दल अधिकारवाणीने बोलायला हरकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या दंडकाप्रमाणे बँकांनी संगणकावर सरळ रेषा पद्धतीने दर साल ३३.३३ टक्के घसारा धरायचा. म्हणजे तीन वर्षांत कारभार आटोपला. त्यानंतर हिशेबनीस वहीत त्याची किंमत एक रुपया लिहून ठेवतो, तीही अशासाठी, की वस्तू अजून घरात आहे याचा विसर पडू नये. या एक रुपयाच्या यंत्रावर मग दिवसाकाठी लाखोंची उलाढाल होते. त्यातून आमचं हे मालवण! इथल्या खाऱ्या वाऱ्यापुढे खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे हा वहीत मेलेला गडी वर्षानुवर्षं पासबुकं छापीत बसतो.

दुसरं मरण जरा तालेवार. त्याची तारीख आधी जाहीर होते. मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात जन्मली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा आधार संपला. विंडोज सातची तिथी १४ जानेवारी २०२०. विंडोज दहाची १४ ऑक्टोबर २०२५. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडलं असं मात्र समजू नका. कोकणात मिरगाआधी गडी घरावर चढतो, कौलं परततो, फुटकी असतील ती बदलतो. तसं चोरांना आत शिरायला सापडलेलं नवं भोक कंपनी वेळोवेळी बुजवून देते. आधार संपला म्हणजे तो गडी यापुढे यायचा नाही. घर तेच, माणसं तीच. पाऊस मात्र तुमचा तुम्ही बघा!

हे सारं मी आमच्या वाडीतल्या एका आबांना समजावून सांगत होतो. आबांचा जन्म दर्यावर गेलेला. त्यांची लाकडी होडी त्यांच्या थोरल्या मुलापेक्षा वयाने मोठी आहे. दर साल फटी बुजवायच्या, तेल पाजायचं आणि पुन्हा पाण्यात लोटायची, एवढंच त्यांचं तंत्रज्ञान.

“मशीन चलता मां?” त्यांनी विचारलं.

“चलता, आबा.”

“मगे मेला कसा?”

“कंपनीन सांगितल्यान.”

“कंपनीन सांगितल्यान म्हणान कोण मरता काय रे?”

वाचकहो, ज्या प्रश्नावर तत्त्वज्ञ मंडळी जाडजूड ग्रंथ लिहितील, तो आबांनी विडी पेटवता पेटवता विचारला. वस्तू घडवणाऱ्याने ती किती काळ सांभाळायची? आणि सांभाळायचं थांबवलं, तर तिला मृत ठरवायचा हक्क त्याला पोचतो काय?

आबांचं ऐकून कंपनीला सुळावर चढवण्याआधी दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. इंटेलने १९८५ साली ३८६ नावाची चिप काढली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने असल्याच ३८६ च्या यंत्रावर लिनक्स रचायला घेतली. पुढे ती जगभर गेली. आणि २०१२ च्या डिसेंबरात त्याच लिनक्समधून ३८६ चा आधार काढून टाकण्यात आला! ज्या पाटावर बारसं झालं, तोच पाट अंगणात फेकला म्हणायचा. पण त्यांची अडचण अशी, की काहीही नवं करायचं म्हटलं की आधी त्या म्हाताऱ्याला झेपेल काय, हे पाहावं लागे. एका पाहुण्याच्या पथ्यापायी अख्ख्या घराने रोज अळणी जेवायचं, तेही सत्तावीस वर्षांनी, हे काही खरं नव्हे. शिवाय लिनक्सची सारी रचना उघडी असते. ज्याला त्या म्हाताऱ्याची माया असेल त्याने जुनी प्रत घ्यावी आणि हवी तेवढी वर्षं आपल्या हाताने डागडुजी करीत बसावं. कोणी आडवा येत नाही.

आणि ‘माझं यंत्र, मी बघून घेईन’ म्हणायचीही सोय नाही. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाची संगणकाची महामारी दीडशेच्या वर देशांत पसरली. तेव्हा मायक्रोसॉफ्टने, मरून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा औषध काढलं. तिसऱ्या वर्षश्राद्धाला वैद्य मात्रा उगाळून हजर! आमच्या धंद्यातही तेच. २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की एक्सपीसारख्या निराधार प्रणालींवर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने बदला आणि जून २०१९ पर्यंत सगळी बदलून व्हा. म्हणजे मरून चार वर्षं झालेला तो गृहस्थ तोवर कुठे कुठे नोटा मोजीत होता, आणि आपण त्याच्यापुढे रांगा लावून उभे होतो! दार उघडं राहिलेल्या घरात चोर शिरला तर तो शेजाऱ्याच्याही परसात उतरतो. तेव्हा डागडुजी थांबलेलं यंत्र वापरीत राहणं हा निव्वळ खाजगी हट्ट राहत नाही, हे आबांनाही मान्य करावं लागेल. ज्या होडीच्या फटी बुजवल्या नाहीत ती बंदरात दुसऱ्याच्या होडीवर जाऊन आदळतेच.

पण विंडोज दहाची गोष्ट निराळी. पुढच्या विंडोज अकराला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. २०१६ साली घेतलेला धडधाकट संगणक त्यामुळे एका रात्रीत वृद्धाश्रमाच्या यादीत गेला. घरगुती गिऱ्हाइकांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली. संस्थांना यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट असा दर लावला. ही तऱ्हा आमच्या पेन्शनच्या नेमकी उलटी. आम्हाला म्हातारपणाचे पैसे मिळतात, इथे म्हातारपणाचा दंड भरायचा!

पेन्शनवरून आठवलं. आम्हा कारकुनांनाही साठाव्या वर्षी हार घालून घरी पाठवतात. आपण एकसष्टाव्या वर्षी बेरीज विसरू अशी कोणाची समजूत नसते. कुठेतरी रेघ मारावी लागते, एवढंच. पण जाताना बँक आमचं पेन काढून घेत नाही. निवृत्त कारकून पुढे वीस वर्षं देवस्थानाचे आणि ग्रंथालयाचे हिशेब लिहितो. निवृत्त करावं, त्याला ना नाही. फक्त निवृत्ताला मयत म्हणू नये.

समोर सिंधुदुर्ग उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचा मुहूर्त झाला. बांधणारे गेले, राज्यं गेली, १८१२ साली किल्ला इंग्रजांकडे गेला. पण दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना झाकण लावून कोणी किल्ली घेऊन गेलं नाही. म्हणून तिथे आजही भर समुद्रात गोडं पाणी आहे.

माझा हिशेब सरळ आहे. घडवणाऱ्याने जन्मभर राबावं असं मी म्हणत नाही. विकतानाच त्याने सांगावं, की अमुक वर्षं गडी कौलं परतायला येईल. तो यायचा थांबला, की निदान शिडी तरी अंगणात ठेवून जावी. लिनक्सवाले ठेवून गेले. म्हणून तर विंडोजने टाकलेल्या कितीतरी यंत्रांवर आज लिनक्स घालून संसार चालतो. जो स्वतः येत नाही आणि शिडीही उचलून नेतो, त्याने मात्र आपण घर विकलं होतं असं म्हणू नये. त्याने ते भाड्याने दिलं होतं.

बाकी तिसरं मरण यायचं तेव्हा येईलच. तोवर वहीतला तो एक रुपया मला पटतो. घसाऱ्याच्या सगळ्या कलमांत माणुसकीचं म्हणावं असं तेवढं एकच कलम आहे.