सुकून आणि सन्नाटा

शांतता हवी म्हणून माणूस डोंगर चढतो. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आल्प्समधल्या एखाद्या खेड्यात जातात. आम्ही खुलताबादला जातो. आमच्या औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, वाट मात्र जुनीच आहे. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला की, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर हे तटबंदीतले छोटे गाव लागते. त्याच्या पुढे म्हैसमाळ. पावसाळ्यात तिथे ढग रस्त्यावर उतरतात. आम्ही चार-पाच नोकरदार मित्र वर्षानुवर्षे तिकडे जात आलो, आणि परतताना दर वेळी म्हणत आलो, "काय शांतता आहे!" ही शांतता नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र आम्हाला फार उशिरा पडला.

खुलताबादला आमचे वडीलधारे अजून 'रौजा' म्हणतात. रौजा म्हणजे मजारींची जागा. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा दिल्लीहून सूफीही दक्षिणेत आले. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये इथेच विसावले. १६२६ मध्ये मलिक अंबर गेला, १७०७ मध्ये औरंगजेब, १७४८ मध्ये पहिला निजाम. सगळ्यांना याच गावाची माती मिळाली. याच गावात भद्रा मारुती आहे; हनुमान जयंतीला शहरातून हजारो लोक रात्रभर पायी चालत येतात. जवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर संत एकनाथांनी साधना केली, असे परंपरा सांगते. म्हणजे हे गाव ओसाड म्हणून शांत नव्हते. इथे माणसांचा राबता कायमच होता. येणारा चपला काढून, आवाज खाली घेऊन येत होता, म्हणून ते शांत होते. ती अदब होती.

मार्च २०२५ मध्ये आम्ही गेलो ते रमजानचे दिवस होते. औरंगजेबाची कबर हटवा, या मागणीने राज्य तापले होते. १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. रौजात जागोजागी पोलीस होते. वाटेवरची फुलांची, अत्तराची दुकाने उघडी होती, पण गिऱ्हाईक नव्हते. आमच्यातला एक जण सवयीने बोलून गेला, "आज तर फारच सुकून आहे." फुलवाल्या चाचांनी मान वर न करता म्हटले, "सुकून कां का भाई, सन्नाटा है ये."

आम्हाला उत्तर सुचले नाही.

मराठीतल्या 'शांतता' या एका शब्दात दोन्ही अर्थ मावतात. म्हणूनच कदाचित आमची चूक आमच्या लक्षात येत नव्हती. घरातल्या दखनीने मात्र हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. सुकूनमध्ये माणूस गप्प असतो, पण त्याला वाटले तर तो बोलू शकतो. सन्नाट्यात बोलावेसे वाटते आणि जीभ उचलत नाही. बाहेरून आलेल्याला दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त तिथे राहणाऱ्याला कळतो, आणि त्याला विचारल्याशिवाय आपल्याला कळायचा दुसरा मार्ग नाही.

आल्प्समध्येही हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट या सरोवराकाठच्या खेड्यात हजारभरही माणसे राहत नाहीत. तिथे पर्यटकांची इतकी रीघ लागली की, २०२३ मध्ये फोटोच्या जागेसमोर काही दिवस लाकडी कुंपण उभारावे लागले आणि रहिवासी निदर्शनाला उतरले. त्यांना गर्दीचा जाच, आमच्या चाचांना रिकाम्या रस्त्याचा. पण दुखणे एकाच जातीचे आहे. गावाने कसे असावे, हे बाहेरचे ठरवतात. कोणी त्याचा देखावा करतो, कोणी आखाडा.

मग जाऊच नये का? तसे म्हटले तर चाचांच्या पोटावरच पाय येतो. गावाला पाहुणा हवा असतो. प्रश्न पाहुण्याच्या वागण्याचा आहे. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय पाऊल टाकू नका, अशी ताकीद सूरह नूरमध्ये आहे. आपण ती चार भिंतींच्या घरापुरतीच पाळतो. गाव हेही कोणाचे तरी घरच असते. म्हैसमाळच्या कड्यावर मोबाईलवर मोठ्याने गाणी लावणारे आम्हीच होतो. बिर्याणीच्या पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या तिथेच टाकून आलेलेही आम्हीच. कबरीवरून आरोळ्या ठोकणाऱ्यांना नावे ठेवताना हे आठवले की, जरा खाली बघावे लागते. दोन्ही गुन्हे एका मापाचे नाहीत, हे खरे. पण गाव आपल्या उपयोगासाठी आहे, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा वर गेलो. म्हैसमाळला जायच्या आधी त्या दुकानासमोर थांबलो, सलाम केला, फुले घेतली. या वेळी "काय शांतता आहे" असे कोणी म्हटले नाही. "कैसा चल रा चाचा?" एवढेच विचारले. त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि बराच वेळ बोलत राहिले. म्हैसमाळ त्या दिवशी राहूनच गेले.