विकायच्या घरावरचं ऊन

दोन-तीन वर्षांत जे घर विकायचा विचार आहे, त्याच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवावेत का? प्रश्न हिशेबाचा वाटतो, म्हणून आधी हिशेबच करू.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात घरगुती तीन किलोवॅटच्या यंत्रणेला केंद्राकडून ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. समजा, ते वजा जाऊन तुमच्या खिशातून १ लाख २० हजार गेले आणि महिन्याला २ हजारांचं बिल वाचलं. पाच वर्षांत पैसे वसूल. पॅनल मात्र साधारण २५ वर्षं चालतात. दोन वर्षांत घर विकलंत, तर ४८ हजार परत आले आणि ७२ हजार गच्चीवरच राहिले. घेणाऱ्याने किमतीत धरले तर ठीक. नाही तर खर्च आपला आणि मजा त्याची!

हे शेवटचं वाक्य मनात आलं की बहुतेक जण बेत रद्द करतात. पण कसबा पेठेत राहणाऱ्याने तरी त्या वाक्याकडे जरा थांबून बघावं.

पुण्यातली ही सगळ्यात जुनी पेठ. इथले वाडे ढासळले त्याची कारणं अनेक, पण त्यातलं एक याच वाक्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. कायद्याने हजारो भाडेकरूंचं छप्पर वाचवलं, हे खरंच. पण मालक म्हणायचा, एवढ्याशा भाड्यात कौलं कशाला बदलू? भाडेकरू म्हणायचा, घर माझं नाही, मी खर्च का करू? दोघांचाही हिशेब चोख होता. गळकं छप्पर मात्र तसंच राहिलं, आणि त्याखाली दोघंही राहत होते.

म्हणजे दुसऱ्याचा फायदा हा आपला तोटाच, असं धरलं की हिशेब बरोबर येऊनही घर पडतं.

मग अनोळखी माणसासाठी पदरमोड करायची का? सरसकट नाही. या भागात घर घेणारा पुष्कळदा बिल्डर असतो. तो जागा आणि एफएसआय मोजतो, पॅनल नाही. पाडायच्या इमारतीवर पॅनल बसवणं यात पुण्य काहीच नाही. पॅनल काढून दुसरीकडे नेता येतील, पण सांगाडा, वायरिंग, मजुरी यांवरचा बराच खर्च वाया जाणार. आणि कर्जापायी किंवा आजारपणापायी जो घर विकतोय, त्याला ७२ हजारांचं मोठेपण दाखव म्हणून सांगायचा अधिकार कोणालाच नाही.

तेव्हा ‘मला काय मिळेल?’ याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवावा लागतो: मी गेल्यावर ही वस्तू कोणाच्या कामाची राहील का? इमारत उभी राहणार असेल, नवं कुटुंब तिथे नांदणार असेल, तर उत्तर ‘हो’ आहे. आपणही दुसऱ्यांनी केलेल्या सोयींवरच राहतो. कोणीतरी काढलेला बोअर, कोणीतरी लावलेलं झाड, कोणीतरी स्वतःच्या सोयीसाठी बांधलेला जिना. त्यांचे पैसे आपण वेगळे मोजून दिलेले नसतात.

शिवाय घेणारा हा एकटाच परका नाही. तीन किलोवॅटमधून दिवसाला साधारण १२ युनिट वीज निघते, दोन वर्षांत साडेआठ हजारांच्या वर. आपल्या ग्रीडमधली बरीचशी वीज आजही कोळशाची, आणि एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दोन वर्षांत सहा टन. चंद्रपूरच्या वीजकेंद्राजवळ राहणाऱ्या माणसाला तुमच्या खरेदीखताशी काही देणंघेणं नाही. तुमच्या गच्चीवर तयार न झालेली वीज कुठेतरी कोळसा जाळूनच येते, आणि धूर त्याच्या वाट्याला जातो.

आता राहिला ‘दोन-तीन वर्षांत’ हा शब्द. शनिवारवाडा संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायद्यानुसार अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे. त्या टप्प्यातल्या वाड्यांचा पुनर्विकास वर्षानुवर्षं अडकलाय. तिथल्या रहिवाशांवर हे थांबणं लादलं गेलंय. आपण मात्र ते स्वतःहून ओढवून घेतो. ‘विकायचंच आहे’ म्हणून रंग काढत नाही, गळती बंद करत नाही, पॅनल तर दूरच. असं करता करता दहा वर्षं जातात. तेवढा काळ आपण घरात राहत नसतो, नुसते त्याच्या किमतीची वाट बघत असतो. त्या दहा वर्षांत पॅनलचे पैसे दोनदा वसूल झाले असते, हा भाग वेगळाच.

म्हणून निर्णय घेताना एक साधी कसोटी लावता येईल. विक्रीचा करार झालाय आणि इमारत पडणार आहे? मग पॅनल नकोत. पण तारीख कागदावर नाही, इमारत भक्कम आहे आणि हाताशी पैसे आहेत? मग तुम्ही त्या घरात राहताय असंच धरून चाला आणि पॅनल बसवा. विकताना किंमत मागा, हक्काने मागा, वीजबिलं समोर ठेवा. तरी थोडे पैसे सुटले, तर पुढच्या घरी गेल्यावर तिथल्या भिंती आणि नळ एकदा नीट बघा. तिथेही कोणाचे तरी पैसे असेच सुटलेले असतील.