दिसते, पण किती?



बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट संत मार्कने आठव्या अध्यायात सांगितली आहे. प्रभू येशूने त्याच्यावर हात ठेवून, काही दिसते का, असे विचारले. त्याने अर्धवट दिसण्यावर समाधान मानले नाही. माणसे झाडांसारखी दिसतात, असे तो खरे बोलला. तेव्हा प्रभूने पुन्हा हात ठेवले आणि त्याला स्वच्छ दिसले.

काचबिंदूत मात्र कमी दिसते हे आपले आपल्यालाच कळत नाही. बहुधा डोळा दुखत नाही, लाल होत नाही. डोळ्यामागची नस हळूहळू सुकते आणि नजर कडेने कमी होत जाते. माझे वडील रोज पेपर वाचत; पण बाजूने येणारी सायकल त्यांना दिसत नव्हती. मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने वा शस्त्रक्रियेने उरलेली राखता येते.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांकडून डोळे नियमित तपासून घ्यावेत. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मधुमेह असेल, स्टिरॉइडचे थेंब बरेच दिवस घातले असतील, तर मुळीच टाळू नये. दुकानात चष्म्याचा नंबर काढणे पुरेसे नाही; डोळ्याचा दाब आणि मागची नस दोन्ही पाहावी लागतात. वडिलांमुळे मीही दरवर्षी जातो.

पापनिवेदनापूर्वी आपण मन तपासतो. सारे ठीक वाटत असले तरी तपासतो. देवाने दिलेल्या डोळ्यांचीही तशीच राखण करू या.

आपला,
धर्मगुरू