पावाचा आश्रयदोष

अन्नाला दोष लागतो तो नेमका कुठून, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदातल्या आहारशुद्धीच्या विचाराचा अर्थ लावताना रामानुजाचार्यांच्या परंपरेने अन्नदोषांचे तीन प्रकार मानले. कांदा-लसणासारखा पदार्थ मुळातच वर्ज्य असेल तर तो जातिदोष. अन्नात केस, धूळ, उष्टे पडले तर निमित्तदोष. आणि अन्न ज्याच्या हातचे, ज्याच्या मालकीचे, त्याच्या पापामुळे अन्नाला चिकटतो तो आश्रयदोष. पहिले दोन ताटात बोट ठेवून दाखवता येतात. तिसरा दाखवता येत नाही, आणि माणसांनी सर्वांत जास्त भांडणे नेमकी त्याच्यावरूनच केली. हा तिसरा दोष खरा की खोटा हे तपासायचे तर व्हिएतनामच्या बेकरीत मिळणाऱ्या बान मी या भरलेल्या पावाइतके चांगले उदाहरण सापडणे अवघड. तिथे गहू जवळपास पिकत नाही. पाव आला तो फ्रेंच तोफांच्या मागोमाग.

१८५८ साली फ्रेंच आरमाराने दा नांगवर हल्ला केला, पुढच्याच वर्षी सायगॉन घेतले. १८६१मध्ये कान ज्युओक इथल्या शेतकऱ्यांनी फ्रेंचांच्या ठाण्यावर चाल केली आणि त्यात अनेक जण मारले गेले. त्यांच्यासाठी न्गुयेन दिन्ह च्यू या अंध कवीने शोकगीत रचले, ते आजही तिथे मोठ्या आदराने वाचले जाते. त्यात परक्यांच्या चाकरीत शिरलेल्या देशी शिपायाच्या लाजिरवाण्या जिण्याची खूण म्हणून पाव येतो, आणि परक्यांच्या धर्माबद्दलचा संतापही त्याच्या शेजारीच येतो. मराठी वाचकाला यात काहीच नवल वाटू नये. विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटवल्याच्या कथा गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. मुंबईत १८४९च्या सुमारास निघालेल्या, जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त परमहंस सभेत दीक्षा घेताना ख्रिस्त्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. सभासदांची यादी चोरीला जाऊन बोभाटा झाला तेव्हा सभाच मोडली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून रानडे-टिळकांपर्यंत सगळ्यांना प्रायश्चित्ताच्या वादात अडकावे लागले. एक घोट चहा, आणि दोन वर्षे धर्मनिर्णय!

आता बान मीकडे बघा. पावाचे कवच इतके पातळ की दात लागताच खपल्या सदऱ्यावर सांडतात, आत मऊ आणि बरीचशी हवा. एका कडेने चीर देऊन आत काळजाचे मऊ वाटण, म्हणजे ‘पाते’, फासतात, डुकराच्या मांसाची चा लुआ नावाची फिकट चकती ठेवतात, आंबट-गोड गाजर-मुळा, काकडीची लांब फाक, कोथिंबिरीच्या अख्ख्या काड्या, मिरची. पाते फ्रेंच, गाजर त्यांनीच आणलेले, मिरची तर अमेरिका खंडातली. (वडापावाची कुंडली मांडली तर बटाटा, मिरची आणि पाव तिघांच्याही घरी पोर्तुगीज निघतील, तेव्हा आपण हसू नये.) पण भरलेला पाव म्हणून हा पदार्थ घडला तो फ्रेंच सत्ता गेल्यावर. १९५४ साली देशाचे दोन तुकडे झाले, लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेला आले, आणि अशाच एका विस्थापित जोडप्याने १९५८मध्ये सायगॉनला काढलेल्या होआ मा या दुकानाला, ताटातले मांस पावात भरून हातात देण्याचे श्रेय दिले जाते. कामावर पळणाऱ्याला टेबलाशी बसून सुरी-काटे चालवायला वेळ कुठला? पूर्वी याच पावाला ‘बान ताय’, म्हणजे पाश्चात्त्यांचा पाव, म्हणत. नावातला पाश्चात्त्य गेला आणि ‘मी’, म्हणजे गहू, उरला.

मग तो कवी चुकला का? नाही. शंकराचार्य त्याच छांदोग्य उपनिषदावर लिहिताना ‘आहार’ म्हणजे इंद्रिये जे जे आत घेतात ते सगळे, असा अर्थ करतात; शुद्धी म्हणजे ते घेताना राग, द्वेष, मोह नसणे. या अर्थाने पाहिले तर शिपायाच्या पावात दोष होता, पण तो पिठात नव्हता. आपल्याच माणसांवर बंदूक रोखण्याचा मोबदला म्हणून तो हातात पडत होता, हा तो दोष. आश्रयदोष खरा असेल तर तो देणारा आणि घेणारा यांच्या नात्यात असतो. नाते संपले की दोषाला राहायला जागा उरत नाही.

यावर बोचरा आक्षेप असा येईल की ही तर साम्राज्याला धुऊन काढण्याची सोय झाली. उद्या कोणी म्हणेल, लुटले खरे, पण पाव तर दिला! मला वाटते, वरचा तर्क पुरता लावला तर हे म्हणायचीही सोय राहत नाही. जेत्याचे पाप जर पिठात उतरत नसेल, तर त्याचे पुण्यही उतरत नाही. विटाळ नाकारायचा आणि उपकार मात्र मान्य करायचा, हे एकाच तराजूला दोन काटे लावणे झाले. १९७५नंतर निर्वासित होऊन सिडनीत, कॅलिफोर्नियात पोचलेल्यांनी बेकऱ्या थाटल्या, तेव्हाही पावासाठी कोणी फ्रान्सचे आभार मानायला थांबले नाही आणि कोणी प्रायश्चित्तही घेतले नाही.

जातिदोषाचे मात्र इतक्या सहज निभावत नाही. डुकराचा जीव गेला तो आजच गेला, इतिहासात नव्हे, आणि ज्याला ते खटकते त्याला १९५८ सांगून उपयोग नाही. व्हिएतनामी बौद्धांनाही ते ठाऊक आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक जण मांस वर्ज्य करतात, आणि त्यांच्यासाठी ‘बान मी चाय’ असतो, टोफू किंवा अळंबी भरलेला. काटेकोर पाळणारे त्यात कांदा-लसूणही घालू देत नाहीत; रामानुजांच्या यादीशी ही यादी अशी अचानक जुळते. पाते जाते, चा लुआ जाते, लसूण जातो. पाव तोच राहतो.