कोणी केलं?

आपल्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा नसतो, ‘कोणी केलं?’ असा असतो. दूध उतू जावो, घड्याळ बंद पडो, अगदी पाऊस लांबला तरी आमच्या घरात आरोपी लागतो. त्यामुळे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा पुतण्या जेव्हा म्हणाला, “काका, आमच्या गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाचा हुकूमच आहे,” तेव्हा हे प्रकरण आपल्याच वळणाचं आहे अशी माझी खात्री पटली.

हे गिट लिनस टॉरव्हाल्ड्स या गृहस्थांनी २००५ साली लिहिलं. दहा जण एकाच मजकुरावर बसले तर एकाचं काम दुसऱ्याने पुसू नये, म्हणून ही सोय. बदल ‘कमिट’ केला की नाव, वेळ आणि कारणासकट नोंद होते. ‘पुश’ केला की तो सामायिक दप्तरात जातो. ‘पुल’ केलं की इतरांचे बदल आपल्याकडे येतात. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली, तर गिट हात जोडतं : तुमचं तुम्ही मिटवा! आणि ‘ब्लेम’ म्हणजे कुठली ओळ शेवटी कोणी बदलली, त्याचा पंचनामा.

“अरे, हे तर तलाठ्याचं दप्तर!” मी म्हणालो. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला फेरफार काय शिकवता? वाटणी झाली की गाव नमुना ६ मध्ये नोंद, मग नोटीस, मग हरकत, मग मंजुरी. सातबाऱ्यावरचं जुनं नावही पूर्वी खोडून टाकत नसत. त्याला कंस करत.

गिटचा ‘रिव्हर्ट’ही तसाच. जुनं पुसत नाही. उलटवणारी नवी नोंद वर चढवतो. आमच्या जिल्ह्याचंच पाहा ना! सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झालं, २०२३ मध्ये जिल्हा पुन्हा धाराशिव झाला. पण मधली ओळ घरोघरच्या ट्रंकांत, शाळेच्या दाखल्यांवर शाबूत आहे.

“मग माणसाने जन्मभर चुका मिरवायच्या?” मी विचारलं. पुतण्या म्हणाला, “‘फोर्स पुश’ने इतिहास बदलता येतो, पण न विचारता केला, तर बाकीचे मारायला धावतात.”

खरी गोम इथेच आहे. विसरून क्षमा करणं सोपं. सगळं लक्षात ठेवून क्षमा करायची तर आधार लागतो. तो आधार म्हणजे नोंदीतली कारणाची ओळ. तिथे पुष्कळ जण म्हणे ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढंच लिहितात! फेरफारात मात्र ‘वारसाने’, ‘खरेदीने’ असं स्पष्ट असतं. घरातल्या भांडणातही ही ओळ आधी वाचावी. कारण कळलं, की आरोपीचं नाव विचारायचं पुष्कळदा राहूनच जातं.