गोवर आणि गुन्हेगार

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीच्या वस्त्यांत गोवरानं पोरं मेली. आमच्या चौकात लगेच निकाल लागला: आया अडाणी, लस टोचली नाही.

टोचायला पाहिजे होती, यात वाद नाही. नऊ महिने भरल्यावर एक, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. गोवराच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. 'अ' जीवनसत्त्व देतात, बाकी शरीरानंच लढायचं. वर हा विषाणू शरीराला जुन्या रोगांची असलेली ओळख पुसून टाकतो. पुरळ जातं, पण पोर पुढं कैक महिने न्युमोनियाला, हगवणीला सापडतं. उपाशी पोर आधी.

त्याच सुमारास माझ्या बहिणीच्या धाकट्याला गोवर निघाला. तिची धुण्याभांड्याची चारही घरं सुटली. बायांनी तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. (आपल्याला हे थांबणं नवं नाही.) रोग पसरतो, हे खरंच, पण घरी बसायचे पैसे कुणी दिले? नवरा, सासू, दवाखान्यातली बाई, सगळ्यांचा एकच सवाल: "टोचलं का नाही गं?" टोचायचा वार कामाचा होता. खाडा म्हंजे पैसे कापले. हे कुणी लिहून घेतलं नाही.

१९५६ला आमच्या आज्यानं मरीआई घराबाहेर काढली. देवीचा कोप गेला, त्या जागी आईचा निष्काळजीपणा बसला.

मीही तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "दादा, जयंतीच्या वर्गणीला तू गल्लीन्‌गल्ली फिरतोस. टोचायला कधी येतात, ठाऊक होतं तुला?"

नव्हतं.