ऐकले आणि पुढे पाठविले



दोंडाईचा येथील मिरचीच्या बाजारात पोत्याच्या तोंडावरची चार लालभडक फळे पाहून कोणी सौदा करीत नाही. हात खोलवर घालून आतली मिरची काढतो, ओल तपासतो. तोच माणूस मोबाइलवर आलेला मजकूर मात्र पुरता न वाचताच दहा जणांना पाठवून मोकळा होतो.

याची किंमत आपल्याच धुळे जिल्ह्याने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते ते. टोळीची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती, आणि ती पुढे पाठविणाऱ्यांना आपण सावधगिरीची सूचनाच देत आहोत असे वाटत असणार. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना बजावले आहे की, भरवशाचा नसलेला मनुष्य बातमी आणील तेव्हा तिची छाननी करावी. नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान होईल आणि पश्चात्ताप पदरी येईल.

हदीसच्या इमामांनी हा आदेश विद्येत उतरविला. प्रत्येक कथनामागे ते कोणी कोणाकडून ऐकले याची सनद असे. साखळीतला एक जण खोटारडा वा विसराळू निघाला की कथन कमकुवत ठरे. म्हणजे ज्ञानाला जाब देणारा माणूस होता. फॉरवर्ड झालेल्या मजकुराला तो नसतो. (हदीस म्हणून जे फिरते, ते तर आपण सर्वांत निष्काळजीपणे पाठवितो!)

मुलांच्या अभ्यासातही हेच शिरले आहे. ग्रुपवर आलेले उत्तर वहीत उतरते. ते बरोबर का, हे मुलाला सांगता येत नाही. त्याने स्वतः काढलेले चित्र, स्वतः लिहिलेला निबंध मात्र जरूर पाठवावा. तेथे चूक निघाली तर उत्तर त्यालाच द्यावे लागते.

मोबाइलवरील खेळांना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. खेळात दहादा हरूनही मूल अकराव्यांदा नेटाने बसते, आणि गणित एकदा चुकले की वही मिटते. याचा विचार शिक्षकांनी व आपणही करावा. पैसे लावून खेळणे मात्र वेगळे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे ऑनलाइन खेळ बंद केले. आपल्यासाठी सूरह माइदाने जुगाराला मद्याच्या पंक्तीत बसवून ती वाट केव्हाच बंद केली आहे.

आज मगरिबनंतर मूल मोबाइलवरचे काही सांगू लागले, तर त्याला विचारा : हे कोणी सांगितले, आणि त्याला कसे कळले? उद्या हाच प्रश्न त्याने आपल्याला विचारला तर रागावू नका.